प्रार्थनेसाठी दिलेला फोटो

हे कुणाच्या हाती लागलं तर आधी माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, तिकडे मुलीला एकटी कोण पाठवणार, म्हणून शाळा तिथेच सुटली. पुढे जे काही वाचायला शिकले ते बायबलच्या ओळींवर बोट ठेवून. लिहायची सवय नाहीच. ही वही बसमध्ये कुणा मुलाची राहिली होती. महिनाभर ऑफिसात पडून होती, कुणी मागायला आलं नाही, म्हणून घेतली. पुढची सहा पानं गणिताची आहेत, ती सोडून लिहिते आहे.

बोलणं मला लिहिण्याहून अवघड जातं. चारचौघांत नाव विचारलं तरी मान खाली जाते. आयुष्यात एकदाच मी दहा माणसांत आपणहून तोंड उघडलं, तेही देवाच्या नावानं. त्यातून जे झालं त्याचा धक्का वर्ष होत आलं तरी ओसरत नाही. कुणाला सांगायची सोय नाही. सांगण्यानेच तर सगळं झालं.

मी दोह्यात शाळेच्या बसवर मावशी आहे. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, उलटी झाली तर पुसायचं, घराच्या दारात आईच्या हातात द्यायचं. सगळी उतरली की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन प्रत्येक सीटवर आणि सीटखाली बघायचं. हे काम सगळ्यात महत्त्वाचं. इथल्या उन्हात बंद बसमध्ये झोपलेलं मूल राहिलं तर काय होईल, ते आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात. मी दोनदा बघते, एकदा जाताना आणि एकदा येताना.

सकाळची फेरी झाली की बसगाड्या इंडस्ट्रियल एरियातल्या यार्डात येऊन लागतात. दुपारच्या फेरीपर्यंत चार तास तिथेच काढायचे. आम्हा बायकांना बसायला कंपनीने एक जुना कंटेनर दिला आहे, जहाजावरून माल येतो तसला, निळ्या रंगाचा. त्याला दार आणि खिडकी कापली आहे, आत एसी, दोन बाकं, पाण्याचा कूलर आणि डबा गरम करायचं मशीन. मे-जूनमध्ये आम्हाला तो स्वर्ग वाटतो.

माझी मैत्रीण मात्र त्यात कधी पाऊल टाकत नसे. ती आफ्रिकेतली, तांबड्या समुद्राच्या काठच्या एका देशातली. देशाचं नाव लिहीत नाही, आता लिहायची भीती वाटते. ती दुसऱ्या बसवर मावशी होती. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत कंपनीने घेतलेल्या जुन्या व्हिलात एका खोलीत आम्ही सहा जणी, त्यात माझ्या वरच्या पलंगावर ती. उंच, सडपातळ, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. तिला थोडं इंग्रजी आणि बरंच अरबी, मला थोडं हिंदी आणि त्याहून थोडं इंग्रजी. बाकीचं हातांनी. तिचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत लिहिते. तीही ख्रिस्ती आणि मीही, त्यामुळे शुक्रवारी चर्चला आम्ही एकाच टॅक्सीने जायचो. मला ती ‘सिस्टर’ म्हणायची.

यार्डात ती बसच्या सावलीत उभी राहायची. ऊन सरकलं की तीही सरकायची. बाकीच्या बायका हसायच्या. “मॅडमला गरिबांचा एसी चालत नाही.” माझ्या बसचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, तो मला म्हणायचा, “मावशी, तुमची मैत्रीण पापडासारखी भाजून निघाली की. सांगा तिला, एसीचं बिल कंपनी भरती, आपल्या पगारातनं कापत नाही.” मीही दोन-तीनदा तिला हाताला धरून ओढलं. ती हसून हात सोडवून घ्यायची.

गेल्या मेमध्ये एके दिवशी वारा सुटला आणि सगळं यार्ड धुळीनं भरलं. ती बसच्या चाकाला टेकून बसली ती तशीच कलंडली. ड्रायव्हरने आणि मी तिला उचलून कंटेनरमध्ये नेलं, बाकावर झोपवलं, ओढणी ओली करून कपाळावर ठेवली. तिने डोळे उघडले. वर छताचा पत्रा दिसला. ती अशी ओरडली की मी हातातलं भांडं टाकलं. उठून चालायचंही तिला सुचलं नाही. गुडघ्यांवर आणि तळहातांवर रांगत, बाकाला धडकत ती दाराबाहेर गेली आणि तापलेल्या वाळूत बसली. बायकांचं हसणं बंद झालं.

ड्रायव्हरने बस सुरू केली, एसी लावला आणि मला खुणेनं सांगितलं की तिला आत घे. स्वतः लांब जाऊन उभा राहिला. बसच्या पहिल्या सीटवर बसून तिने मला सांगितलं.

तिचा नवरा शाळेत मास्तर होता. ती दोह्यात आल्यावर दोन वर्षांनी त्याला पकडलं. गुन्हा काय, तर एका घरात अकरा माणसं जमून गात होती. मोठ्यानं नाही, रेडिओ लावून त्याच्या आवाजाखाली हळू गात होती. तिच्या देशात सरकारने काही चर्चची यादी केली आहे. त्या यादीतल्या चर्चमध्ये गेलात तर चालतं. यांची मंडळी यादीत नाही, म्हणून यांनी जमणं हाच गुन्हा. खटला नाही, वकील नाही. शहराबाहेर उजाड माळावर छावणी आहे, तिथे कंटेनर आहेत, त्यात ठेवतात.

“असाच,” ती खिडकीतून बोट दाखवून म्हणाली. “हाच रंग. खिडकी नाही. एक बादली. दिवसा भिंतीला हात लावता येत नाही. रात्री थंडी, आणि माणसांच्या श्वासाचं पाणी छतावरून ठिबकतं.”

“किती दिवस ठेवलं?”

“सहा वर्षं झाली.”

मला वाटलं मला इंग्रजी आकडा नीट समजला नाही. मी बोटं दाखवली. तिने माझी बोटं धरून सहा केली.

दुपारी फेरीवर जाताना बंद बसचं दार उघडलं की जी वाफ अंगावर येते ती मला ठाऊक आहे. तीन मिनिटं एसीशिवाय आत चाललं तरी डोकं गरगरतं. म्हणून आम्ही सीटखाली वाकून बघतो, की कुणाचं लेकरू राहू नये. आणि इकडे मोठी माणसं मुद्दाम आत घालून दार लावतात, ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरेचना.

मी विचारलं, “तुमच्याकडे मुसलमानांचं राज्य आहे का?”

ती हसली. त्या हसण्यानं मला अजून कसंतरी होतं. म्हणाली, “नाही गं. पकडायला आलेल्या शिपायाच्या गळ्यात क्रूस होता. माझ्या आईने पाहिला.”

त्यानंतर ती म्हणाली, इथे मुसलमानांचं राज्य आहे, पण शुक्रवारी चर्चच्या गेटवर पोलीस आपली पिशवी तपासतो आणि आत जा म्हणतो. पहिल्यांदा त्या गेटवर पोलीस दिसला तेव्हा ती उलट पावली पळाली होती. दोन महिने तिला खरंच वाटेना की तो आत सोडायला उभा आहे.

नवऱ्याला त्यांनी एक कागद दिला होता. यापुढे मी जमणार नाही, गाणार नाही, एवढंच त्यावर लिहिलेलं. सही केली की त्याच दिवशी घरी. त्याने सही केली नाही. दर काही महिन्यांनी कागद पुढे करतात, तो नको म्हणतो. भेटू कुणाला देत नाहीत. तिची आई महिन्यातून एकदा छावणीच्या फाटकावर पत्र्याच्या डब्यात भाकरी आणि डाळीचं पीठ देऊन येते. पुढच्या वेळी रिकामा डबा परत मिळतो. डबा रिकामा आला म्हणजे तो जिवंत आहे. आई फोनवर फक्त म्हणते, “डबा आला.”

मी रडत होते, ती रडत नव्हती. शेवटी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “सिस्टर, तू त्याच्यासाठी प्रार्थना कर.”

मी हो म्हणाले.

आता इथे मला नीट लिहायला पाहिजे. आमच्याकडे प्रार्थना कर म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, ते लहानपणापासून मी जे पाहिलं तेच. आमच्या मंडळीत कुणी आजारी असलं, कुणाच्या मुलीचं जमत नसलं, तर ते उपासनेत उभं राहून सांगायचं. पाळकसाहेब नाव घेऊन प्रार्थना करायचे. जितकी तोंडं जास्त तितकं बळ जास्त. एकट्यानं गुपचूप करायची ती आपली रोजची प्रार्थना. दुसऱ्यासाठी करायची ती सगळ्यांनी मिळून. माझ्या मनात याच्याहून वेगळं काही आलंच नाही.

दोह्यात आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांची दर शुक्रवारी दुपारी एका वहिनींच्या घरी प्रार्थना असते. वहिनींचे मिस्टर ऑफिसात हिशेब बघतात, फ्लॅट मोठा आहे. घरात असं जमायची इथे तशी परवानगी नाही, म्हणून चपला आत घ्यायच्या, पडदे ओढायचे आणि गाणं बेतानं म्हणायचं. वहिनींकडे एक जाड वही आहे, तीत प्रार्थनेचे विषय लिहितात. कुणाचा व्हिसा, कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची बारावी. माझी पाळी आली की मी मान हलवायची, माझं काही नाही. वहिनी चेष्टा करायच्या, “हिला देवाने सगळं देऊन ठेवलंय बाई, हिची वहीच कोरी.”

त्या शुक्रवारी पाळी यायच्या आधीच मी बोलले. कंटेनर सांगितला, कागद सांगितला, डबा सांगितला. नऊ बायका आणि वहिनी ऐकत होत्या, सगळ्या पदराने डोळे पुसत होत्या. कुणीतरी म्हणालं, “आपण इथे एसी कमी-जास्त झाला तरी कुरकुर करतो.” वहिनींनी मला जवळ घेतलं. “अगं, एवढं मोठं ओझं तू मनात घेऊन बसलीस! ही साखळी प्रार्थनेला देऊ या. नाव काय तिचं?”

मी नाव सांगितलं.

“नवऱ्याचं? देवाला नाव घेऊन मागावं.”

तेही सांगितलं. गावाचं नाव, छावणी कुठे, सगळं सांगितलं.

“फोटो आहे का गं? फोटो असला की प्रार्थना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभं राहतं.”

नाताळात चर्चच्या आवारात काढलेला आमचा दोघींचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता. तिने पांढरी शाल घेतली होती, छान आला होता. मी दिला. वहिनी म्हणाल्या, “तुझं तोंड कापून टाकू, विषय तिचा आहे.” त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने तेवढ्यात सगळं इंग्रजीत केलं. तिला मराठी समजतं पण बोलते इंग्रजी. दहा मिनिटांत ते मोबाईलवरून साखळीत, म्हणजे एकाने दुसऱ्याला पाठवायच्या प्रार्थनेच्या ग्रुपांत गेलं, पुण्याला, नगरला, मुंबईला, कुठे कुठे. त्या संध्याकाळी परत येताना मला इतकं हलकं वाटलं. खरं लिहायचं तर अभिमान वाटला. मैत्रिणीला सांगितलं नाही. वाटलं, तो सुटून आला की सांगेन, तुझ्यासाठी किती जण गुडघे टेकत होते.

तीन आठवड्यांनी कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाने, तिला बोलावलं. तिचा पासपोर्ट संपत आला होता. नवा आणला नाही तर इथला आयडी वाढणार नाही, आणि आयडी नसलेलं माणूस कंपनीला परत पाठवावं लागतं. महिनाअखेरपर्यंत मुदत. आमच्यासारख्यांना पासपोर्ट म्हणजे एक दिवसाची रजा आणि फोटोचे पैसे. तिला परत पाठवणं म्हणजे काय ते मला कळत होतं. तिच्या देशाच्या विमानतळावर उतरली की ती घरी जाणार नव्हती.

ती सकाळी तिच्या देशाच्या कचेरीत, म्हणजे वकिलातीत गेली. दुपारच्या फेरीला आली नाही. खोलीवर गेले तर वरच्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी शिडीवर उभी राहून विचारलं.

तिथल्या माणसाने अर्ज घेण्याआधीच आपला मोबाईल तिच्यापुढे धरला होता. पांढऱ्या शालीतला तिचा फोटो. शेजारी अर्धा कापलेला एक खांदा. खाली तिच्याच भाषेत लिहिलेलं, तिचं नाव, नवऱ्याचं नाव, छावणीचं ठिकाण. कुणीतरी इंग्रजीतून तिच्या भाषेत करून पुढे पाठवलं होतं, तेही प्रार्थनेसाठीच असेल, आणि फिरत फिरत ते तिथे पोचलं.

“तो म्हणाला, तू परदेशात देशाची बदनामी करतेस.” ती भिंतीकडे बघूनच बोलत होती. “मी म्हणाले, मला हे माहीतच नाही. तो म्हणाला, फोटो तुझा, नवरा तुझा, मग माहीत कुणाला?”

परदेशात कमावणाऱ्याने कमाईतला ठराविक हिस्सा सरकारला भरायचा असा तिथला नियम. तिने कधी भरला नव्हता, आईला पाठवून उरतच नसे. आता सगळ्या वर्षांचा एकदम आणि वर दंड. सहा हजार आठशे रियाल. आणि एक कागद. त्यावर लिहिलेलं की मी देशाचा अपराध केला आहे आणि मिळेल ती शिक्षा मला मान्य आहे. त्यावर सही. दोन्ही झालं तर पासपोर्ट.

मी शिडीवरून खाली उतरले. खोलीत बाकीच्या दोघी होत्या, एकीने चहा टाकला होता. मला गप्प बसता आलं असतं. फोटोतलं माझं तोंड कापलेलं होतं. पण तो खांदा तिने ओळखला असणार, नाताळातला माझा हिरवा ब्लाऊज होता. मी परत वर चढले आणि म्हणाले, “मी दिला.”

ती वळली.

“तू म्हणालीस प्रार्थना कर. मी आमच्या बायकांना सांगितलं.”

“किती?”

“दहा.”

“दहा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. मी कोण आहे हेच तिला कळत नसल्यासारखी. “मी तुला प्रार्थना करायला सांगितली होती.”

“तेच केलं ना.”

“नाही. तू माणसांना सांगितलंस. मी देवाला सांग म्हटलं होतं.” तिच्या घरी प्रार्थना ओठ न हलवता करतात, असं ती म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही कळू नये अशी. “आमच्याकडे मोठ्याने केलेली प्रार्थना फक्त पोलीस ऐकतात.”

मी वहिनींना फोन केला. त्यांना आधी समजेना.

“पण आपण वाईट काय केलं? प्रार्थनाच केली ना?”

“वहिनी, तो फोटो काढून टाका. सगळीकडून काढा.”

“अगं, सगळीकडून कसा काढू? कुठे कुठे गेलाय मला काय माहीत. माझ्याकडचा काढते.” मग त्यांचा आवाज रडवेला झाला. “बाई गं. असं कर, आता याच विषयासाठी तीन दिवस उपवास-प्रार्थना ठेवू. मी लगेच ग्रुपवर टाकते...”

“नका टाकू!” मी ओरडले. आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते, आणि ओरडले ते वहिनींवर. “कुठेही काही टाकू नका!”

फोन माझ्याच हातून कट झाला. नंतर त्यांनी प्रत्येकीला फोन करून मिटवायला सांगितलं, हे मला कळलं. चांगल्या आहेत त्या. मी त्यांना दोष देत नाही. नाव मी सांगितलं, फोटो मी दिला.

तिच्याकडे दोन हजार तीनशे होते. उरलेले साडेचार हजार माझ्याकडे होते, मुलीच्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी साठवलेले. मुलीला फोन केला. कारण सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की फीला थोडा उशीर होईल. ती म्हणाली, “आई, तू आजारी आहेस का? खरं सांग.” मी म्हटलं नाही. तिने कॉलेजात हप्ते पाडून घेतले आणि मामाकडून पहिला हप्ता भरला.

मैत्रिणीने पैसे घेताना मोजले. “उसने,” ती म्हणाली. मी मान हलवली. मला ते उसने द्यायचेच नव्हते.

मला वाटलं, पैशांचं जमलं म्हणजे झालं. सहीचा विचार मी केलाच नव्हता. मला सही म्हणजे पगाराच्या कागदावर करतात तेवढीच. कचेरीत जायच्या सकाळी ती गुडघ्यांवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसली होती. म्हणाली, “तो सहा वर्षं सही करत नाही.” तेवढंच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्याकडून काय करवून घेते आहे.

मी म्हणाले, “नको करू. दुसरा काही मार्ग...”

“कुठला?”

मी पाण्याची बाटली भरून तिच्या पिशवीत घातली.

सातारकर ड्रायव्हरची सुट्टी होती, त्याने आम्हाला ओळखीच्या माणसाच्या गाडीतून नेलं. त्याला थोडंफार ठाऊक होतं. वाटेत एवढंच म्हणाला, “मावशी, पाणी घेतलंय ना बरोबर?” आम्ही दोघं रस्त्यापलीकडे भिंतीच्या सावलीत थांबलो. ती पावणेदोन तास आत होती.

बाहेर आली तेव्हा हातात पावती होती. आठ दिवसांनी पासपोर्ट मिळणार होता. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “त्याचं पेन चालत नव्हतं. मी माझं दिलं.”

ड्रायव्हरला इंग्रजी बऱ्यापैकी समजतं. त्याने गाडी सुरू केली ती बंद केली, आणि परत सुरू केली.

मग तिने सांगितलं की त्या माणसाने विचारलं होतं, या निरोपात बसवरची एक हिंदुस्थानी बाई आहे, ती कोण? तिने सांगितलं, बसवर पुष्कळ हिंदुस्थानी बायका आहेत, मी कुणाला ओळखत नाही.

आठ दिवसांनी पासपोर्ट आला, मुदतीच्या दोन दिवस आधी. मंदूबने तो घेतला, आयडी वाढवून आणला आणि म्हणाला, “बघ, उगीच घाबरत होतीस.” तिला परत पाठवणं टळलं. त्याच आठवड्यात तिने सुपरवायझरला सांगून खोली बदलून घेतली. वरच्या पलंगावर आता एक नेपाळी मुलगी असते.

पगाराच्या दिवशी ती यार्डात माझ्याजवळ आली आणि पाचशे रियाल पुढे केले. मी हात मागे घेतला.

“राहू दे. मला नकोत. माझ्यामुळे झालं.”

“घे.”

“तो दंड माझ्यामुळे बसला. मी भरला. फिटलं.”

मला ते पैसे खरंच बुडायला हवे होते. ते बुडाले तर माझ्या मनावरचं काहीतरी उतरेल असं मला वाटत होतं. तिला ते कळलं असावं.

“दंड माझ्या नावावर आहे,” ती म्हणाली. “सही माझी आहे. पैसे तुझे असतील तर ते काय झालं? माझी सही तू विकत घेतलीस असं होईल.” नोटा माझ्या ओंजळीत ठेवून तिने माझी बोटं मिटली. “तुझ्या मुलीला पाठव.”

मी पाठवले.

तेव्हापासून मी कंटेनरमध्ये बसत नाही. बसवत नाही. पहिल्या दिवशी मी बसच्या सावलीत तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले तर ती उठून बसच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात गेली. तिला उन्हात बघवेना, म्हणून मी दुसऱ्या बसपाशी जायला लागले. बायका म्हणाल्या, “आता दोन मॅडम झाल्या.” ड्रायव्हरने त्यांना काहीतरी खेकसून सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. शाळा सुरू झाल्यावर, सप्टेंबरात, ती उठून गेली नाही. आम्ही बोलत नाही, पण एकाच बसच्या सावलीत उभ्या राहतो. ऊन सरकलं की दोघी सरकतो.

नवऱ्याचं काय, ते मी विचारत नाही. तीच एकदा म्हणाली, “डबा आला.” सहीचं त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून तिने आईलाही सांगितलेलं नाही. पण कचेरीतल्या माणसाला वाटलं तर तो कळवेल. सहा वर्षं कागद नाकारणाऱ्याला एक दिवस दुसरा कागद दाखवतील, हिचं नाव असलेला. हे माझ्या मनात येतं आणि बसमध्ये सीटखाली वाकले असताना हात तिथेच थांबतो. मग मागून ड्रायव्हर विचारतो, “मावशी, मूल राहिलंय का?” मी नाही म्हणते.

वहिनींकडे मी जात नाही. प्रार्थना करते ती पलंगावर पडून, ओठ मिटून. तिचं नावही घेत नाही. देवाला कळत असेल कोण ते.

जुलै-ऑगस्टमध्ये शाळा बंद, पगार निम्मा, तरी तिने पाचशे दिलेच. त्या दोन महिन्यांत ती दुपारी नुसता ब्रेड खायची, हे तिच्या खोलीतल्या बाईने मला सांगितलं. मी डाळभाताचा डबा पाठवला. डबा रिकामा आणि घासलेला परत आला, पण पैसे थांबले नाहीत. नऊ महिने, दर पगाराला पाचशे.

परवा पगार झाला. सकाळची फेरी संपवून यार्डात आलो तर ती सावलीत आधीच उभी होती. तिने नोटा दिल्या. दर वेळी मी न मोजता घ्यायची, या वेळी ती म्हणाली, “मोज.”

शंभराच्या पाच होत्या. मी तिच्यासमोर मोजल्या.

“पूर्ण?” तिने विचारलं.

“पूर्ण.”

“खलास,” ती म्हणाली, आणि आपल्या बसकडे गेली.

साडेचार हजार रियाल सगळे फिटले.